ती बिअर मिसळलेली नाही, मुरलेली आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवार पुरवणीत परदेशातल्या पेयांवर एक लेख आला होता. त्यात अमेरिकेतल्या केंटकीच्या बर्बन बॅरल एलबद्दल, म्हणजे बर्बन व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरवलेल्या बिअरबद्दल, चार ओळी होत्या आणि त्या चार ओळींत असं होतं की ही 'व्हिस्की मिसळलेली कडक बिअर' असते आणि ती एकदम बर्फगार करून प्यायची. या दोन्ही गोष्टी चूक आहेत. लेख बाकी छान होता, मी दोनदा वाचला, पण हे वाचल्यापासून मला चैन पडेना म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, तुम्हाला जागेची अडचण असेल तर कापा कुठंही, फक्त मिसळणं आणि मुरणं यातला फरक तेवढा ठेवा.

आधी मी कोण ते सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी 31 वर्षं केमिस्ट होतो. मळी, यीस्ट, फसफसणाऱ्या टाक्या, त्या टाकीवर वाकलं की नाकात झिणझिण्या आणणारा तो गॅस, यातच सगळी नोकरी गेली. आमचं काम स्पिरिट शुद्ध करायचं, म्हणजे त्याच्यातला वास आणि चव जितकी काढून टाकता येईल तितकी काढायची. आयुष्यभर चव काढून टाकायचं काम केलेल्या माणसाला चव मुद्दाम घालणारी माणसं भेटली की काय होतं ते मी तिकडं अनुभवलं.

मुलगी आणि जावई लेक्सिंग्टनला असतात, केंटकी राज्यात. गेल्या साली सप्टेंबर ते नोव्हेंबर आम्ही दोघं तिच्याकडं राहून आलो. घोड्यांची कुरणं, पांढरी आणि काळी लाकडी कुंपणं, आणि गावाबाहेर पडलं की मधूनच उंचच्या उंच गोदामं, त्यांच्या भिंती काळ्या पडलेल्या. मला वाटलं धूर असेल, तर तो धूर नव्हता, ती बुरशी असते. गोदामात पिंपांतून जी दारू हवेत उडते तिच्या वाफेवर ही काळी बुरशी वाढते, भिंतीवर, झाडाच्या बुंध्यावर, सगळीकडं. पिंपात दारू मुरत असताना थोडी उडून जाते, तिला तिकडं देवदूतांचा वाटा म्हणतात. आमच्या कारखान्यात टाकीतून काही उडालं की एक्साइजचा इन्स्पेक्टर हिशोब मागायचा, आणि इथं तो वाटा देवदूतांच्या नावावर टाकून माणसं मोकळी.

आता मुद्द्यावर येतो. बर्बन म्हणजे अमेरिकेची मक्याची व्हिस्की. धान्यात कमीत कमी 51 टक्के मका पाहिजे असा कायदाच आहे, आणि 1964 साली तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, ठराव करून बर्बन हे अमेरिकेचं खास उत्पादन म्हणून मान्य केलं. पण माझ्या पत्रासाठी महत्त्वाचा नियम वेगळाच आहे. बर्बन मुरवायला ओकचं पिंप लागतं, ते आतून जाळलेलं लागतं आणि ते कोरं करकरीत लागतं. एकदा वापरलेल्या पिंपात पुन्हा बर्बन भरता येत नाही, भरली तर तिला बर्बन म्हणता येत नाही. म्हणजे बघा, 53 गॅलनचं, आपल्या मापाने साधारण 200 लिटरचं, एवढं भक्कम पिंप, आणि बर्बनच्या कामातून एका फेरीतच रिटायर.

मग ही रिकामी पिंपं जातात कुठं? बरीचशी स्कॉटलंडला जातात, तिथली व्हिस्की त्यात मुरते. आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट होते ती सुद्धा अशाच बर्बनच्या जुन्या पिंपांत. लुईझियानात एव्हरी आयलंडवर टबॅस्को सॉस होतो, त्याचा लाल मिरचीचा ठेचा अशा जुन्या व्हिस्कीच्या पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरवत ठेवतात आणि पिंपाच्या तोंडावर मिठाचा जाड थर देतात. हे ऐकून आमच्या सौभाग्यवती लगेच म्हणाल्या, म्हणजे आपल्या बरणीसारखंच की. अगदी तसंच आहे. आणि उरलेल्या पिंपांतली काही बिअरवाल्यांकडं जातात.

बरणीवरून आठवलं. आमच्या आईकडं चिनी मातीची एक मोठी बरणी होती, त्यात वर्षानुवर्षं फक्त कैरीचं लोणचं पडायचं. एका साली लोणचं घातलंच नाही तेव्हा तिने ती बरणी घासूनपुसून, उन्हात वाळवून त्यात चिंच भरली. मार्चमध्ये त्या चिंचेची आमटी केली तर आमटीला मोहरीचा आणि हिंगाचा हलका वास. आईने चिंचेत मोहरी मिसळली होती का? नाही. बरणीने जे इतकी वर्षं धरून ठेवलं होतं ते तिने चिंचेला दिलं. बर्बन बॅरल एल म्हणजे हेच. चिनी मातीची बरणी एवढं धरते, तर लाकूड किती धरत असेल ते बघा, चार-सहा वर्षं व्हिस्की प्यालेलं, आतून जाळून भेगाळलेलं लाकूड.

ते जाळणं मी डोळ्यांनी पाहिलंय. लेक्सिंग्टनपासून तासाभरावर लेबनन नावाचं गाव आहे, तिथं पिंपं बांधायचा कारखाना आहे आणि तो लोकांना बघू देतात. जावयांनी सुट्टीच्या दिवशी नेलं. पांढऱ्या ओकच्या साधारण तिसेक फळ्या एक माणूस हाताने लोखंडी कड्यात उभ्या लावतो, एक रुंद, एक अरुंद, हाताच्या अंदाजाने, आणि शेवटची फळी हातोडीने ठोकून बसवली की गोल घट्ट होतो. त्यात खिळा नाही, डिंक नाही. मग वाफ देऊन फळ्या वाकवतात. मग ते तळ आणि झाकण नसलेलं पिंप आगीवर येतं आणि त्याच्या पोटातून जाळ वर उठतो, मिनिटभर सुद्धा नसेल, पण लांब उभं राहून तोंडाला धग लागते. पिंप बाजूला आलं की आतून तडतड आवाज येत असतो आणि कोळशाला अशा भेगा पडलेल्या असतात की सुसरीच्या पाठीसारखं दिसतं, तिकडचे लोक त्याला तेच नाव देतात. मी हात पुढे केला तर गाइडने थांबवलं, पण वास आला तो आला. गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेला जो गूळ चिकटून करपतो, पोरं खुरप्याने खरवडून खातात, तो वास. मी क्षणभर सांगलीत होतो.

आता केमिस्ट म्हणून दोन ओळी लिहू द्या. लाकूड तापलं की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटतं, आइसक्रीमला जो वास असतो तोच. लाकडातली हेमिसेल्युलोज फुटून साखरेसारखे पदार्थ होतात आणि ते करपून कॅरॅमल होतं, म्हणजे काकवीची चव तिथून येते. ओकमध्येच एक लॅक्टोन असतो त्याचा वास थेट खोबऱ्याचा. आणि वरचा कोळशाचा थर गाळणीचं काम करतो, कोवळ्या दारूतला उग्रपणा, गंधकाचा वास धरून ठेवतो. केंटकीत उन्हाळा कडक आणि हिवाळ्यात बर्फ, त्यामुळे दारू उन्हाळ्यात फुगून लाकडात शिरते आणि थंडीत आकसून बाहेर येते, वर्षानुवर्षं हे आत-बाहेर चालू. जुनं पिंप उघडून फळी आडवी कापली तर आत कुठपर्यंत दारू मुरली होती तिथं एक लालसर रेघ दिसते. पिंप रिकामं केलं तरी त्या रेघेपर्यंत लाकूड ओलंच असतं. बिअर भरतात ती या ओल्या लाकडावर, वरून व्हिस्कीचा थेंब घालत नाहीत.

मी जी प्यालो ती लेक्सिंग्टनचीच, केंटकी बर्बन बॅरल एल या नावाची, 2006 पासून बाजारात आहे. ज्यांनी ती काढली ते पिअर्स लायन्स मूळचे आयर्लंडचे, यीस्टचा अभ्यास केलेला माणूस, 1980 साली त्यांनी केंटकीत ऑलटेक कंपनी काढली ती मुख्यतः जनावरांच्या खाद्याची, आणि 1999 मध्ये लेक्सिंग्टनमधली बंद पडलेली ब्रुअरी घेतली. 2018 मध्ये ते वारले. यीस्टवाला माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटते, कारण आमच्या कामात यीस्ट म्हणजे राबवून घ्यायचं जनावर होतं आणि या माणसाने त्याच यीस्टवर खाद्यही केलं आणि बिअरही केली.

ही एल जातीची बिअर. आपल्याकडं मिळते ती बहुतेक लागर, ती थंडीत हळू आंबवतात, स्वच्छ आणि हलकी होते. एलचं यीस्ट साधारण आपल्या हिवाळ्यातल्या खोलीच्या तापमानाला काम करतं आणि काम करताना फळांसारखे वास तयार करतं. सातूच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूची, आधी नेहमीसारखी एल करायची, मग नुकतीच व्हिस्की काढलेली पिंपं आणायची, नुकतीच म्हणजे खरंच नुकतीच, लाकूड वाळायच्या आत, आणि त्यात ती सहा आठवड्यांपर्यंत ठेवायची. बस. लाकडातली व्हिस्की, व्हॅनिला, काकवी, खोबरं हे बिअरमध्ये उतरतं. अल्कोहोल 8.2 टक्के. सहा आठवडे म्हणजे बर्बनच्या मानाने काहीच नाही पण बिअरला पुरतं.

पहिल्यांदा प्यालो तेव्हा मात्र मला काहीच कळलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. गावातल्या एका हॉटेलात जेवायला गेलो होतो, त्यांनी बाटली फ्रीजमधून काढून सरळ गारेगार ग्लासात ओतली, ग्लासाला बाहेरून दव आलेलं. एक घोट घेतला, थोडं गोड, थोडं लाकूड, आणि मनात आलं की एवढं नाव का आहे याचं. मुलगी म्हणाली, बाबा ती तशीच ठेवा, आधी जेवा. मी ठेवली. गप्पा चालू झाल्या, नातीने तिच्या शाळेचं काही सांगायला घेतलं, अर्धा पाऊण तास गेला. मग ग्लास उचलला आणि तोंडाजवळ आणला तर ग्लासातून काकवीचा वास. पिण्याआधीच. मी ग्लास खाली ठेवला आणि पुन्हा उचलला, खात्री करायला. घोट घेतला तर आधी भाजलेल्या ब्रेडच्या कडेची चव, मग व्हॅनिला, मग सुकं खोबरं तव्यावर गरम केल्यावर येतं ते तेलकट गोडसर, आणि गिळल्यावर छातीत हलकी ऊब, ती व्हिस्कीची. कडवटपणा नावाला. आणि ती चव जिभेवर राहिली, पाणी प्यायलो तरी राहिली. मी काही बोललो नाही, ही माझ्याकडं बघून म्हणाली काय झालं, तर मी तिला ग्लास दिला. ती पीत नाही, तिने नुसता वास घेतला आणि म्हणाली, कस्टर्डचा आहे.

तेच द्रव्य, तोच ग्लास, फरक फक्त तापमानाचा. गार पदार्थातून वासाचे रेणू फारसे उडत नाहीत, आणि जीभही गारठलेली असते, म्हणून लेखकाने जे लिहिलंय की बर्फगार प्या, ते या बिअरला मारून टाकणं आहे. दहा-बारा अंशाला ओतावी आणि ग्लासात हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. ग्लासही तोंडाशी निमुळता, पोटात फुगीर घ्यावा म्हणजे वास आत राहतो. उंच ग्लासात फेस काढून घटाघटा प्यायची ही वस्तू नाही.

हे पिंपाचं प्रकरण सोपं नाही हेही लिहायला पाहिजे. लाकूड म्हणजे भोकं, आणि भोकांत जंतू. आमच्या टाक्या स्टीलच्या, वाफेने धुतल्या की निर्जंतुक, पण लाकडाला वाफ देऊन आतपर्यंत साफ केलं तर ज्याच्यासाठी पिंप आणलं तेच धुऊन जाईल. शिकागोच्या गूज आयलंड या ब्रुअरीने 1990 च्या दशकात बर्बनच्या पिंपात स्टाउट ही काळी बिअर मुरवायला सुरुवात केली आणि या सगळ्या प्रकाराला नाव मिळवून दिलं, त्यांच्या 2015 च्या मालात सुद्धा लॅक्टोबॅसिलस नावाचा जंतू शिरला आणि बिअर आंबट झाली. त्यांनी लोकांना पैसे परत दिले आणि पुढच्या वर्षीपासून पाश्चरायझेशन चालू केलं. मला ही गोष्ट फार जवळची वाटते कारण आमच्याकडं पण एका पावसाळ्यात टाक्यांत असाच जंतू शिरला होता, आठ दिवस उतारा खाली, कुणाला झोप नव्हती. तिथं एवढी मोठी कंपनी, एवढी लॅब, आणि तरी लाकूड ऐकत नाही. म्हणून या बिअरची बाटली महाग असते, त्यात पिंपाचे पैसे आहेत, जागेचे आहेत, वेळेचे आहेत, आणि बिघडून फेकाव्या लागलेल्या मालाचे पण आहेत. व्हिस्की मिसळून भागत असतं तर हे सगळं कुणी केलं असतं?

येताना दोन बाटल्या आणल्या. दिवाळी आम्ही तिकडंच केली, डिसेंबरात सांगलीत घरी परत आल्यावर नोकरीतले दोन जुने मित्र आणि आमच्या गल्लीतले गुऱ्हाळवाले अण्णा यांना बोलावलं. अण्णा माळकरी, आयुष्यात थेंब घेतलेला नाही, ते फराळाला आले होते, मुलीने हौसेने चिवडा-लाडू बरोबर दिले होते ते. मी बाटली सकाळी फ्रीजमध्ये ठेवून दुपारीच बाहेर काढून ठेवली होती. एका मित्राने सवयीने बर्फ मागितला, त्याला म्हटलं आज बर्फ नाही. चौघांत, म्हणजे पिणाऱ्या तिघांत, एकच बाटली 355 मिलीची, प्रत्येकाला जेमतेम अर्धा पेला. मित्र म्हणाला एवढ्याने काय होणार. पहिल्या घोटाला गप्प बसला. दुसऱ्या घोटाला म्हणाला, अरे हे तर फणसाच्या साटासारखं काहीतरी येतंय. मला फणस लागला नव्हता, पण त्याच्या जिभेला लागला आणि एकदा त्याने म्हटल्यावर मलाही जाणवायला लागला. आम्ही तिघं तासभर त्या अर्ध्या अर्ध्या पेल्यावर बोलत होतो. इतक्या वर्षांत आम्ही एकत्र किती बाटल्या संपवल्या असतील, पण त्या बाटलीतल्या चवीवर बोललोय असं एकदाही झालं नव्हतं.

लेक्सिंग्टनच्या दुकानातून मी पिंपाच्या फळीचा एक छोटा तुकडा पण आणला होता, आठवण म्हणून विकतात. तो अण्णांच्या हातात दिला, म्हटलं याला काय वास येतो बघा. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. मग जळलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला, तो काळा झाला, आणि पुन्हा वास घेतला. म्हणाले, काहिल उतरवली आणि खाली अजून इंगळ आहे, तेव्हाचा वास आहे हा. ज्या माणसाने बर्बन हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला त्याने लाकडाच्या एका तुकड्यावरून नेमकं सांगितलं. तो तुकडा ते मागून घेऊन गेले.

आता जे मला खरं बोलायचंय ते. आपल्याकडं बिअरच्या बाटलीवर 'स्ट्राँग' लिहिलेलं असतं आणि विकली जाते त्यातली बहुतांश बिअर स्ट्राँगच असते. का, तर कमी पैशात जास्त चढते म्हणून. त्यात माल्टबरोबर तांदूळ, साखरेचा पाक असं पडतं, अल्कोहोल वाढतं पण चव वाढत नाही, आणि ती लपवायलाच बर्फगार करावी लागते. त्यामुळे 'स्ट्राँग एल' म्हटलं की आपला वाचक तोच अर्थ घेतो, लेखकानेही तोच घेतला, 'कडक' लिहिलं. तिकडच्या स्ट्राँग एलमध्ये अल्कोहोल जास्त असतं कारण माल्ट जास्त असतं, आणि तेवढं अंग असल्याशिवाय ती लाकडाचा वास पेलू शकत नाही. हलक्या बिअरला या पिंपात घातलं तर नुसतं लाकूड चघळल्यासारखं लागेल. शब्द एकच, पण एक स्ट्राँग नशेसाठी आणि एक चवीसाठी.

आणि हिशोबही मांडतो, कारण चव चव म्हणून कुणी फसू नये. 355 मिलीच्या बाटलीत 8.2 टक्क्यांनी साधारण 29 मिली शुद्ध अल्कोहोल येतं. आपल्या व्हिस्कीचा 30 मिलीचा पेग 42.8 टक्क्यांचा धरला तर त्यात 13 मिलीच्या आतबाहेर. म्हणजे ती छोटीशी बाटली सव्वादोन पेगांएवढी आहे. आपली 650 मिलीची 8 टक्क्यांची बाटली चार पेगांएवढी आहे, हे किती जणांना माहीत असतं, लोक बिअरच तर आहे म्हणून दोन पितात आणि मोटरसायकलवर बसतात. त्या हॉटेलातून येताना गाडी मुलीने चालवली, तिने घेतली नव्हती. घरी तिघांत एक उघडली ती घरीच बसून.

यातच आणखी एक गोष्ट आहे. आपल्या अन्न सुरक्षा नियमांत बिअरची वरची हद्द 8 टक्के आहे. ती एल 8.2 ची. म्हणजे 0.2 टक्क्यासाठी ती आपल्याकडं बिअर म्हणून बसत नाही, आणि शिकागोची ती स्टाउट तर दूरच. मी नियम मोडा म्हणत नाही, मी स्वतः 31 वर्षं एक्साइजच्या कुलपाखाली नोकरी केलीय, नियम का असतात ते मला माहितीये. पण आज पुण्यात इतकी छोटी ब्रुअरीवाली मंडळी आहेत, 2009 मध्ये दूलाली ब्रुअरीने सुरुवात केली तेव्हापासून वाढतच गेलीत, तरणी हुशार पोरं आहेत, काम मन लावून करतात. कुंकळ्ळीत बर्बनची जुनी पिंपं आहेत, नाशिकच्या वायनरीत ओकची पिंपं आहेत, काकवी आपल्या घरची आहे. काकवी घातलेली एल अशा पिंपात दोन महिने मुरवून 8 टक्क्यांच्या आत बसवता येईल का हा प्रयोग कुणीतरी करून बघावा अशी माझी फार इच्छा आहे. पाण्याचं, यीस्टचं, जंतूंचं काही विचारायचं असेल तर मी एक पैसा न घेता येईन. आणि जास्त मुरवलेल्या, महाग, छोट्या बाटलीत विकायच्या बिअरसाठी वेगळा वर्ग करता येईल का, याचा सरकारने विचार करायला हरकत नाही, कारण 355 मिलीला तेवढे पैसे मोजून कोणी झिंगायला पीत नाही.

तुमच्या पेपरलाही एक विनंती आहे. दारूची बातमी आली की ती धाडीची असते, नाहीतर विषारी दारूची, नाहीतर शुल्क वाढल्याची. त्या बातम्या पाहिजेतच, विषारी दारूने घरं उद्ध्वस्त होतात, ते आमच्या भागात मी पाहिलंय. पण ताडी, फेणी, मोहाची, काजूची, याच्यामागं पिढ्यान्‌पिढ्या जे हाताचं ज्ञान आहे, कुणी कधी आंबवतं, कुठल्या मडक्यात, किती दिवस, ते कधी छापून येत नाही. केंटकीतला सुतार फळ्या कशा लावतो ते मी तिथं जाऊन बघितलं आणि माझ्याच जिल्ह्यात अण्णांच्या गुऱ्हाळावर काहिल कधी उतरवायची हे पाकाच्या कुठल्या खुणेवरून कळतं ते मी आजपर्यंत त्यांना विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतात, आणि ती गोळी ताटावर टाकली की टण्ण वाजली पाहिजे.

दुसरी बाटली अजून कपाटात आहे, अंधारात, उभी. नात उन्हाळ्यात येणार आहे तिच्या आईबापांबरोबर, तेव्हा उघडू असं ठरलंय.

तर पुरवणीत दुरुस्ती छापाल तेव्हा मोठा मजकूर नको. 'मिसळलेली' काढून 'मुरलेली' करा, आणि 'बर्फगार' काढून टाका.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार,
सांगली